बांधाकडची माती

मातीचा नमुना कसा घ्यायचा, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. शेतात नागमोडी चालायचं. सात-आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्यायचा आणि खुरप्यानं त्याची कड वरपासून खालपर्यंत खरवडायची. सगळी माती घमेल्यात एकत्र करून गोणपाटावर पसरायची आणि बोटानं तिचे चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन भाग काढून टाकायचे. उरलेले दोन पुन्हा मिसळायचे, पुन्हा चार भाग, पुन्हा दोन टाकायचे. अर्धा किलो उरली की थांबायचं. आणि कुठली माती घ्यायची नाही, तेही ठरलेलं आहे. बांधाजवळची नाही, झाडाखालची नाही, उकिरड्याजवळची नाही. त्या मातीवरून शेताचा अंदाज येत नाही.

ह्या शेवटच्या नियमावरून मी एकदा सातवीतल्या एका मुलीला चारचौघांत रागावले. मी तेव्हा परभणीला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय मृदाशास्त्र. रागावणं मला नवीन नव्हतं. माझ्या नाकावर माशी बसत नाही, असं आई सगळ्या पाहुण्यारावळ्यांना सांगायची. मला त्याचा थोडा अभिमानच होता. काम चोख असलं की जरा तोंड फटकळ असलेलं चालतं, असा माझा समज होता.

विज्ञान दिनाच्या आठवड्यात खेड्यातल्या शाळांमध्ये जाऊन मुलांना प्रयोग दाखवायचे, ही कल्पना आमच्या वर्गातल्या पेडगावच्या मुलाची. तो आमचा म्होरक्या. त्यानं सूक्ष्मदर्शक मिळवला, जीप ठरवली, पाच शाळांना पत्रं दिली, आणि मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "मातीचं टेबल तुझं. प्रत्येक पोराला घरच्या शेतातली मूठभर माती आणायला सांगू. तपासून अहवाल देऊ." परीक्षा तोंडावर, प्रबंधाचं काम अर्धवट, त्यात हे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. पण मी हो म्हणाले, आणि एकदा हो म्हटल्यावर माझ्या पद्धतीनं पत्रक तयार केलं. वर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'आपल्या शेतातली माती आणा.' खाली नियम. बांधाजवळची नाही, झाडाखालची नाही.

तिसरी शाळा देवगाव फाट्यापासून आत होती. फाट्यावर चहा घेतला आणि कच्च्या रस्त्यानं निघालो. डाव्या हाताला नव्या मोठ्या रस्त्याचं काम चाललं होतं. मुरमाचा उंच भराव, त्यावर रोलर, आणि दोन्ही बाजूंना तुटलेली शेतं. एका शेतातली विहीर अर्धी भरावाखाली गेली होती. आमच्यापैकी कुणीतरी म्हणालं, गेलेल्या जमिनीचा मावेजा चांगला मिळाला म्हणे लोकांना. मी मांडीवरची आम्लाची बाटली सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसले होते.

शाळेत मुलं रांगेत उभीच होती. प्रत्येकाच्या हातात कॅरीबॅग, कुणाच्या हातात जुना डबा, एकानं तर चक्क टोपीत माती आणलेली. माझं टेबल व्हरांड्यात मांडलं होतं. मी बशीत चिमूटभर माती घ्यायची, आम्लाचे दोन थेंब टाकायचे, आणि चुनखडीची माती असली की ती फसफसायची. पोरं ओरडायची. "म्याडम, माझी बी! माझी बी उकळवा!" आमच्या भागात चुनखडीला तोटा नाही, त्यामुळे जवळजवळ प्रत्येकाची माती फसफसली आणि प्रत्येकजण जिंकल्यासारखा मागे फिरला. मी पिशव्यांवर नाव, वर्ग, शेताचा गट नंबर लिहीत होते. नियमात न बसणारे नमुने वेगळ्या घमेल्यात टाकत होते, कारण शेवटी चार भाग करण्याचं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं आणि त्याला माती लागणार होती. शेणखताच्या ढिगाजवळून आणणारे दोन निघाले, रस्त्यावरून उचलणारा एक निघाला. त्यांची माती मी घमेल्यात रिकामी केली. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

मग ती मुलगी आली. दोन वेण्या, त्यांना लाल फिती, कपाळावर भस्माची पुसट रेघ. तिनं पिशवी आणली नव्हती. हिंगाची पिवळी प्लास्टिकची डबी आणली होती, झाकण घट्ट लावलेली. तिनं ती टेबलावर ठेवली, पण हात काढला नाही.

"गट नंबर?" मी विचारलं.

तिनं डबीकडे बघितलं.

"बरं, शेतात कुठून घेतली?"

"बांधाकडून. लिंबाच्या खालून."

तोवर मी पन्नासेक पिशव्या लिहिल्या होत्या. ऊन व्हरांड्यात आलं होतं. मी पत्रक उचललं आणि तिच्यासमोर धरलं. "वाचता येतं ना? काय लिहिलंय? बांधाजवळची नाही. झाडाखालची नाही. एक सोडून दोन चुका केल्यास की गं बाई!" मागची पोरं हसली. ती हसली नाही, रडलीही नाही. "तपासा की, म्याडम," एवढंच हळू म्हणाली. मी म्हटलं, अशी माती तपासून काही उपयोग नसतो. आणि तिच्या हाताखालून डबी काढून घेतली, झाकण उघडलं, माती घमेल्यात उलटी केली.

ती भुरकट, मुरमाड माती होती. बाकीच्या काळ्या मातीवर ती क्षणभर वेगळी दिसली आणि तिला हिंगाचा वास आला. मग पुढच्या मुलानं आपली पिशवी सरकवली.

प्रात्यक्षिक फार छान झालं, हे सांगायलाच हवं. गोणपाट अंगणात अंथरलं, सगळी शाळा भोवती बसली. मी माती हातानं कालवली, पसरली, बोटानं फुली मारली. "आता समोरासमोरचे दोन भाग आपण टाकून देऊ. उरलेल्या मातीत सगळ्या मातीचा अंश असतोच." दोन मुलांना पुढं बोलावलं, त्यांनी ओंजळीनं ती माती उचलली आणि फाटकाजवळच्या गुलमोहराच्या आळ्यात टाकली. पुन्हा कालवली, पुन्हा फुली, पुन्हा दोन भाग आळ्यात. उरलेली अर्धा किलो कापडी पिशवीत भरून मी दोरीनं तोंड बांधलं, चिठ्ठीवर 'प्रात्यक्षिक' लिहिलं आणि पिशवी पेटीत तळाशी टाकली. मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवायला सांगितल्या.

सामान आवरत असताना ती मुलगी टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात रिकामी डबी होती.

"म्याडम, मही माती वापस द्या."

"अगं, ती मिसळली. बघितलंस ना?"

"आईला म्हाईत न्हाई मी आणल्याली. तिला न इचारता आणली. तुमी चिठ्ठीत लिव्हलं व्हतं, आपल्या शेतातली माती आणा म्हणून. आमच्याकडं तेवढीच व्हती."

तेवढीच होती, ह्याचा अर्थ मी विचारायला हवा होता. जीप हॉर्न देत होती. आमचा म्होरक्या "चल, चल, अजून एक शाळा हाय" म्हणून हाका मारत होता. कापडी पिशवी पेटीच्या तळाशी होती, तिच्यावर पन्नास पिशव्या. मी सर्वांत वरची एक कॅरीबॅग उघडली, कुणाची ते पाहिलंही नाही, त्यातल्या दोन मुठी तिच्या डबीत भरल्या आणि झाकण लावलं.

"ही घे तुझी माती," मी म्हणाले.

तिनं झाकण उघडून आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. डबी दोन्ही हातांत धरून ती फाटकाबाहेर गेली.

विज्ञान शिकवणाऱ्या बाई हौदावर हात धूत होत्या. त्यांनीच मला विचारलं, "तिची डबी दिली का हो परत? पोरगी लय कासावीस झाली होती." मग त्यांनी सांगितलं. वडील तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेले. लिंगायत माणसं, त्यांनी आपल्याच शेतात बांधाला लिंबाखाली समाधी दिली. दीड एकर शेत, ते गेल्या वर्षी सगळंच्या सगळं नव्या रस्त्यात गेलं. मशीन येण्याच्या आदल्या दिवशी आई समाधीवर गेली आणि पदरात मूठभर माती घेऊन आली. घरात दुसरं काही सापडलं नाही, म्हणून हिंगाच्या डबीत भरून देव्हाऱ्यात ठेवली.

"चांगलं केलंत, परत दिलीत ते," बाई म्हणाल्या.

त्याच वेळी पळत जाऊन त्या मुलीला गाठायला हवं होतं. ती काही लांब गेली नसेल. मी जीपमध्ये बसले. त्या भरावाशेजारून जाताना मी बाहेर बघितलं नाही. चौथ्या शाळेत माझ्या हातून आम्लाची बशी दोनदा सांडली. म्होरक्या म्हणाला, "आज तुला झालंय तरी काय?"

एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. आम्हीही लिंगायतच. राणीसावरगावला आमच्या शेतात बांधाला, लिंबाखालीच, माझ्या आजोबांची समाधी आहे. नांगर वळवताना अप्पा, माझे वडील, तिथं बैल थांबवायचे आणि हात जोडायचे. आता ट्रॅक्टर आला तरी तो तिथून वळसा घेऊनच जातो. बांधाला लिंबाखाली काय असतं, हे त्या शाळेत आलेल्या आम्हा सगळ्यांत फक्त मला माहीत असायला हवं होतं. त्या मुलीनं मला विचारल्यावर खरं तेच सांगितलं होतं. मला मात्र त्यात दोन चुका दिसल्या.

तीन दिवसांनी महाशिवरात्र होती म्हणून मी गावी गेले. दरवर्षी समाधीला भस्म आणि बेल घालण्याचं काम माझ्याकडे असतं. अप्पांनी ताट हातात दिलं. मी बांधापर्यंत गेले आणि लिंबाखाली ताट घेऊन नुसतीच उभी राहिले. वाकता येईना. अप्पा मागून आले, त्यांना वाटलं ऊन लागलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं, डबी, घमेलं, पत्रक, आणि ती दुसऱ्याची माती भरून दिली तेसुद्धा.

अप्पा बांधावर बसले. रागावतील असं वाटलं होतं, रागावले असते तर बरं झालं असतं.

"मिसळली, ती चूक झाली," ते म्हणाले. "माणसाकडून व्हती. पर लेकराला दुसऱ्याची माती देऊन ही तुझीच म्हणालीस, ती चूक न्हाई. ते तू समजून उमजून केलंस. जा, तिच्या आईला सांगून ये."

"काय म्हणतील त्या?"

"काय म्हणायचं ते म्हणतील. तू ऐकून घे."

परभणीला आल्या आल्या मी प्रयोगशाळेत गेले. नमुने सावलीत वाळत पडले होते, कुटायला अजून घेतले नव्हते. 'प्रात्यक्षिक' लिहिलेली पिशवी एका कोपऱ्यात सापडली. तिथल्या शिपाईमामांना विचारलं, ही नेऊ का. ते म्हणाले, "न्या की. ती टाकायचीच हाय." मी पिशवी उघडून बघितली. काळ्या मातीत बारीक भुरकट खडे दिसत होते. नाकाशी धरली, पण हिंगाचा वास येत नव्हता.

रविवारी सकाळच्या बसनं सेलूला गेले, तिथून काळीपिवळीनं फाट्यावर, आणि फाट्यावरून एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवर गावात. पिशवी सगळ्या वाटेत मांडीवर होती. घर विचारत गेले. पत्र्याच्या दोन खोल्या, दारात मिरच्या वाळत घातलेल्या. त्या मुलीची आई उंबऱ्यात बसून तूर पाखडत होती. मी विद्यापीठातून आले म्हटल्यावर ती उठून उभी राहिली, आत बघून म्हणाली, "अगं, तुझ्या म्याडम आल्यात, पाणी आण." मुलगी तांब्या घेऊन आली. मला पाहून तिनं तांब्या खाली ठेवला आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

मी सतरंजीवर बसले. वाटेत जे ठरवलं होतं त्यातलं एकही वाक्य आठवेना. म्हणून पिशवी पुढं ठेवली आणि म्हणाले, "काकू, मी तुमच्या मुलीशी खोटं बोलले."

ती ऐकत राहिली. मी माती मिसळल्याचं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बदलला नाही. ते तिला माहीत होतं.

"पोरगी त्याच दिशी बोलली मला," ती म्हणाली. "आल्या आल्या डबी पुढं ठिवली अन् म्हणाली, आई, ही आपली न्हाई, ही काळी हाय. मार म्हणाली मला. म्या कशाला मारू? म्या म्हणलं, म्याडमनी सगळ्यांची एक केली, म्हंजे त्यात त्यांची बी चिमूटभर असंलच की. ठिवली परत देवापाशी. शिवरातीला बेल बी घातला."

मला वाटलं, इथंच थांबावं. तिनं स्वतःच स्वतःची समजूत घातली होती, बेल वाहिला होता. ती समजूत तशीच राहू द्यावी आणि पिशवी घेऊन परत जावं. मी तसं करण्याच्या अगदी बेतात होते.

"नाही काकू," मी म्हणाले. "त्या डबीत नाहीये. चिमूटभरही नाही. मी घाईत भलत्याच पिशवीतली भरली. तुमची माती ह्याच्यात आहे. किती आहे ते मला सांगता येणार नाही. सगळी मिळून अर्धा किलो आहे, त्यात थोडी तुमची."

तेव्हा मात्र ती बाई रडली. आवाज न करता, सुपावर वाकून. तूर भिजली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "एवढं शिकल्यालं माणूस तुमी. लेकराला इचारायचं न्हाई का वं, का आणलीस म्हणून?"

"विचारायला हवं होतं," मी म्हणाले. अप्पांनी ऐकून घे म्हणून सांगितलं होतं, ते मी केलं.

मुलगी आत गेली आणि देव्हाऱ्यातून डबी घेऊन आली. वरची बेलाची पानं तिनं उचलून आईच्या हातात दिली. दाराबाहेर जाऊन तिनं काळी माती रस्त्याकडेला सांडली, डबीच्या बुडावर दोनदा हात मारला, फ्रॉकच्या टोकानं आतून पुसली. मग ती माझ्यासमोर बसली आणि डबी पुढं धरली.

"भरा," ती म्हणाली.

मी दोरी सोडली आणि माती हातानं भरली. बोटांना खडे लागत होते. प्रत्येक वेळी वाटायचं, हा त्यांचा असेल. डबी भरली तरी पिशवीत पुष्कळ उरली. ती मी परत बांधून त्यांच्याकडेच ठेवली. आई म्हणाली, असू द्या, आमी लावू काहीतरी हिच्यात. तिनं मला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

निघताना मुलगी फाट्याच्या वाटेपर्यंत सोबत आली. मला अजून एक सांगायचं राहिलं होतं. तेही सांगून टाकावं म्हणून म्हणाले, "त्या दिवशी आपण पुष्कळ माती टाकून दिली. तुमची बरीचशी त्यात गेली."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "गुलमोहराच्या आळ्यात. मी बघायले व्हते की. मधल्या सुट्टीत मी तिथंच बसून डबा खाती."

ती वळून घरी पळाली. मी शाळेवरून गेले. रविवार होता, फाटकाला कुलूप, अंगणात चिटपाखरू नाही. फाटकाच्या गजांतून हातभर अंतरावर गुलमोहराचं आळं दिसत होतं. भोवतालचं सगळं मैदान उन्हानं भेगाळलं होतं, आणि आळं मात्र ओलं होतं, कुणीतरी गजांतून नुकतंच पाणी घातलेलं. मी गजांना धरून तिथं उभी राहिले आणि रडले. मग वाकले, गजातून हात आत घातला, बोट ओल्या मातीला लावलं आणि कपाळाला लावलं, आमच्या शेतात बांधाला समाधीची माती लावते तसं.